नंदवाळच्या वाटेवर उजवा पाय

कोल्हापुरात मिरजकर तिकटीवरून नंदवाळच्या विठ्ठलाला जाणारी आषाढीची दिंडी निघाली तेव्हा पाऊस थांबलेला होता. टाळांच्या नादात साने गुरुजी वसाहत कधी मागं पडली कळलंही नाही. मग चढ लागला आणि उजव्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या जरा खाली, ती ओळखीची कळ आली. सपाटीला हा पाय गुमान चालतो. खडीवर पडला की आत वळतो आणि कळ थेट पिंडरीत जाते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरातलं हे दुखणं. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं, गणपती तोंडावर आलेले. ओल्या मूर्ती माडीवर चढवताना जिन्यात पाय मुरगळला. शेवटची मूर्ती वर गेली तोवर घोटा टम्म फुगला होता. दवाखान्यात जायला रस्ता कुठं होता? पाणी उतरल्यावर गाळ उपसायचा होता. आंबेहळद लावली, फडकं गुंडाळलं, उभी राहिले. पुढं कधीतरी डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत निघालं. सांध्याला धरून ठेवणारा बंध तेव्हा फाटला होता, तो सैलच भरून आला, म्हणून पाय दगा देतो, असं ते म्हणाले. एका पायावर उभं राहायचा व्यायाम सांगितला. तो मी रोज करते, हरिपाठ म्हणत.

पुईखडीच्या अलीकडं बसावंच लागलं. मागं गाडीवरच्या भोंग्यावर तेच तेच गाणं, रस्त्यावर केळीच्या साली, खिचडीचे द्रोण, दिंडी अडवून फोटो काढणारी पोरं. तोंडात विठ्ठलाचं नाव आणि डोळ्यांत रागाचं पाणी.

तेवढ्यात कान मोडलेला एक पैलवान थांबला. "मावशी, पट्टी अशी गुंडाळत्यात व्हय? पाय हिकडं करा." मी नको नको म्हणतेय तर माऊली म्हणून तो आधी पाया पडला, मग चिखलातच बसला आणि माझं पाऊल मांडीवर घेतलं. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून दोन वेढे घेतले. मग पट्टी वरून घोट्यामागं नेली, तळव्याखालून काढून टाचेला अडकवली आणि बाहेरच्या अंगाला ओढ देत वर घेतली. अंगठ्याचं नख दाबून लाली परत येतेय का तेही बघितलं. "बोटं गार पडली, मुंग्या आल्या, तर लगेच सोडा. तालमीत रोजचंच हाय हे." पाय टेकला तर घोटा जागच्या जागी. नाव विचारायच्या आत तो रिंगणाकडं पळाला.

रिंगण मला गर्दीत दिसलं नाही, नुसता गजर ऐकला. नंदवाळात रांग लांबलचक. विठ्ठलापुढं पोचले, डोकं टेकवलं, तोच चला चला म्हणत पुढं काढलं. बोलायचं सगळं राहिलंच. बाहेर येऊन कळसाला हात जोडले आणि मोठ्यानंच बोलले: पायाचं, धाकट्याच्या लग्नाचं, त्या पोराच्या कुस्तीचं, आणि यंदा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीआधीच थांबव, गल्लीत मूर्ती ओल्या आहेत.