जोळ पुन्हा सुरू करूया

शेती टिकवायची म्हटलं की लोक बियाण्याबद्दल, खताबद्दल बोलतात. आम्हा खारेपाटातल्या माणसांना आधी बांध आठवतो. अलिबाग-पेणच्या खाडीकाठची आमची भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. मातीचा बांध आणि त्यातली उघडी, म्हणजे पाण्याचं झडपेचं दार, यांच्यावरच ती तगून आहे. ओहोटीला उघडीतून पावसाचं पाणी बाहेर पडतं, भरतीला तिची झडप मिटते.

पूर्वी हा बांध जोळ पद्धतीने, म्हणजे गावाने मिळून, सांभाळला जायचा. बांधाआड ज्यांची शेतं, त्या प्रत्येक घरातून माणूस कामाला यायचा. आजोबा सांगायचे, बांधाला खेकड्याचं बीळ दिसलं की ज्याला दिसलं त्याने चिखलाने बुजवायचं. कोणाच्या शेतासमोर आहे ते विचारायचं नाही. मग १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, पुढे १९७९ चा आला, आणि बांधाचं काम हळूहळू सरकारकडे गेलं. पैसा सरकारचाच हवा, दगडी पिचिंग, म्हणजे बांधाच्या उतारावर दगड बसवणं, गावाला परवडणारं नाही. पण गावाची रोजची नजर गेली, हे नुकसान फार मोठं आहे.

उधाणाच्या मोठ्या भरतीला बांधाला खांड (भगदाड) पडली की ती भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांतच बुजवावी लागते, कारण पंधरवड्यात पुढचं उधाण येतं. सरकारी मंजुरी तेवढ्यात येत नाही. प्रत्येक भरती-ओहोटीला खांड रुंदावत जाते. पनवेलच्या संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशा खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, पण शेतात रोज भरतीच येत असेल तर त्या तरी काय करणार? मग शेतात तिवरं उगवतात आणि ती तोडायला बंदी. बंदी योग्यच आहे, बांधाबाहेर हीच तिवरं लाटांचा मार झेलतात. ती आत शिरणार की नाही, हे त्या पहिल्या पंधरवड्यात ठरतं.

याच मुलखात शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरी गावच्या कुळांनी संप करून १९३३ ते १९३९ अशी वर्षानुवर्षं खोतांची जमीन कसली नाही. अर्धपोटी राहून एकी टिकवणाऱ्यांच्या नातवंडांना बांधावर एकत्र येता येणार नाही, हे मला पटत नाही.

आज सातबारावर मुंबईचे भाऊबंद आहेत, प्लॉट घेतलेले नवे लोक आहेत. जोळेत तेही हवेत. ज्याला येणं जमत नाही त्याने एका माणसाची मजुरी द्यावी. भातकापणी झाली की बांधावर फेरी, बिळं बुजवणं, आणि खांडीसाठी माती आधीच साठवून ठेवणं, एवढ्यापासून सुरुवात करू. आमच्या आळीच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे.