रात्री दोन वाजता दार वाजलं तर?

हा मुलाखतीतला प्रश्न होता. पहिल्या वर्षी मी त्याचं उत्तर चुकवलं, आणि खरं सांगायचं तर त्याआधीची वीस मिनिटंही वाया घालवली होती.

मी गणित शिकवते. परदेशात भरणाऱ्या एका निवासी समर प्रोग्रॅमला शिक्षक हवेत असं कळलं, तेव्हा वाटलं, हे आपल्यासाठीच आहे. वेगवेगळ्या देशांतून निवडून आलेली पंधरा ते अठरा वयाची मुलं, तीन आठवडे, रोज सकाळी गणित. जागा ‘रेसिडेन्शियल ट्यूटर’ची होती. त्यातला ‘ट्यूटर’ मी नीट वाचला, ‘रेसिडेन्शियल’वरून नुसती नजर फिरवली. अर्जात दोन पानं संख्या सिद्धांतातल्या माझ्या आवडीवर लिहिली. ती कुणी वाचली असतील असं आता वाटत नाही.

मुलाखत व्हिडिओवर झाली, समोर तिघंजण. आधी वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा, तेच तिघं विद्यार्थी होणार. मी युक्लिडचा जुना युक्तिवाद निवडला: मूळ संख्या कधीच संपत नाहीत. समजा संपल्या, तर सगळ्यांचा गुणाकार करा, एक मिळवा, बघा काय होतं. पाठ झकास झाला असं मला वाटलं. मग प्रश्न आला. रात्री दोन वाजता तुमचं दार वाजतं. सतरा वर्षांचा मुलगा उभा आहे. म्हणतो, मला काहीतरी सांगायचंय, पण आधी कुणाला सांगणार नाही असं वचन द्या. काय कराल?

मी म्हटलं, वचन देईन. आधी विश्वास, मग बाकीचं.

तिघांतल्या एकीने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. आठवड्याने नकार आला. सोबत दोनच वाक्यं होती. तुम्ही अकरा प्रश्न विचारलेत, त्यातल्या नऊंची उत्तरं तुम्हीच दिलीत. आणि मुलाला गुप्ततेचं वचन कधीही देऊ नये.

दुसऱ्या वाक्याने मी चिडले, पहिल्याने खजील झाले. त्या वर्षी शाळेत स्वतःचे तास रेकॉर्ड करून ऐकले. प्रश्न विचारून मी किती वेळ थांबते? जेमतेम एक सेकंद. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या टेप ऐकून हेच दाखवलं होतं: शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे किती ते फळ्याकडे तोंड करून मनात मोजून पाहा. पहिल्या दिवशी मला घाम फुटला. (गणिताच्या माणसांना शांतता आवडते म्हणतात. आवडते, पण स्वतःची.)

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला, आणि कागदपत्रांनीच जीव काढला. दोन नोकऱ्यांच्या मध्ये माझे आठ महिने रिकामे होते, वडिलांच्या आजारपणात गेलेले. तो काळ मी फॉर्मवर तसाच सोडला होता. तीन दिवसांत ईमेल: या काळात तुम्ही कुठे होता, काय करत होता आणि हे कोण सांगू शकेल? वाचून कानशिलं तापली. वडिलांच्या आजारपणाचा पुरावा द्यायचा? प्रत्यक्षात त्यांना वैद्यकीय कागद नकोच होते, त्या आठ महिन्यांत मला नेहमी पाहणारी एक जबाबदार व्यक्ती हवी होती. एखाद्याला मुलांशी गैर वागल्यामुळे कुठून तरी गुपचूप काढलेलं असेल, तर सीव्हीत ते अशाच रिकाम्या जागेत लपतं. हे प्रशिक्षणात कळलं, तेव्हा राग ओसरला. सगळा नाही.

शिक्षणासाठी मी दोन वर्षं दुसऱ्या देशात होते, म्हणून तिथलंही पोलीस क्लिअरन्स लागलं. ते परक्या देशात चालावं म्हणून त्याच्यावर अपोस्टिल, म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार मिळणारा तो शिक्का. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. कुणी अर्ज करत असेल तर हे काम आधी सुरू करा, निवड होण्याची वाट बघत बसू नका.

दोन्ही रेफरन्सना त्यांनी थेट फोन केला. माझ्या जुन्या मुख्याध्यापिका मला नंतर म्हणाल्या, “तुझ्या गणिताबद्दल एक मिनिट बोलले असतील. बाकी सगळं, ही मुलांबरोबर एकटी असताना कशी वागते, कधी तक्रार आली होती का, हिला पुन्हा कामावर घ्याल का.” मुलाखतीतही तोच दोन वाजताचा प्रश्न आला. या वेळी मी म्हटलं, वचन देणार नाही. या वेळी कुणी मान खाली घालून लिहिलं नाही.

प्रशिक्षण चार दिवसांचं होतं आणि पहिल्या दोन दिवसांत विषयाचं नावही निघालं नाही. औषधं कुलपात, दिलेल्या प्रत्येक गोळीची वेळ आणि सही. मुलांशी स्वतःच्या फोनवरून बोलायचं नाही, सोशल मीडियावर जोडून घ्यायचं नाही. बंद दारामागे कुणाबरोबरही एकटं बसायचं नाही. मग रोल-प्ले. आमच्यातली एक अनुभवी बाई पंधरा वर्षांची मुलगी झाली आणि आम्ही एकेक करून तिच्यासमोर बसलो. ऐकायचं, मध्ये तोडायचं नाही. ‘त्याने तुला मारलं का?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न नाही, ‘मग काय झालं?’ एवढंच. नंतर तिचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, ‘ती फार घाबरलेली वाटली’ असली स्वतःची भर न घालता, आणि कागद सेफगार्डिंग प्रमुखाकडे, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे, द्यायचा. तपास करणं आमचं काम नव्हतं. बाहेरून हे नियम थंड वाटतात. त्या खुर्चीत बसल्यावर कळलं की ते नसते तर मी दर वेळी माझ्या स्वभावाप्रमाणे वागले असते, आणि माझा स्वभाव वचन देण्याचा आहे.

मग मुलं आली.

आमचा वर्ग एका लंबवर्तुळाकार टेबलाभोवती भरायचा. ही कल्पना अमेरिकेतल्या फिलिप्स एक्झेटर अकॅडमीची. १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस यांनी मोठी देणगी दिली, ती अशी की दहा-बारा मुलं आणि एक शिक्षक एका टेबलाशी बसून बोलतील, मागचा बाक राहणारच नाही. कागदावर सुंदर. पण टेबल गोल केलं म्हणून मुलं सारखी बोलत नाहीत. आयबी डिप्लोमा (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) करणाऱ्या मुलांना चार हजार शब्दांचा शोधनिबंध लिहिण्याची आणि त्यावर वाद घालण्याची सवय असते, ती पहिल्या मिनिटाला सुटली. काहींच्या शाळेत शिक्षकांचं बोलणं तोडणं म्हणजे उद्धटपणा, ती ताठ बसून राहिली. काही जण प्रश्न मनात आपल्या भाषेत नेत होते, उत्तर शोधून इंग्रजीत परत आणत होते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

माझी सहकारी एका कागदावर टेबल काढून कोण कुणाशी बोललं याच्या रेघा मारायची. पहिल्या तासाचा नकाशा तिने मला दाखवला. सगळ्यात जाड गुंता माझ्याच खुर्चीपाशी होता. वर्षभर सेकंद मोजून पुन्हा तेच!

तिसऱ्या दिवशी पुन्हा युक्लिड काढला. २, ३, ५, ७, ११, १३ यांचा गुणाकार करून एक मिळवला की ३००३१ येतात. विचारलं, ही संख्या मूळ आहे का? तीन-चार जणांनी लगेच “हो” म्हटलं, कारण युक्तिवाद घाईत वाचला की तसंच वाटतं. मी गप्प राहिले. तीन सेकंद, दहा, मग मोजणं सोडलं. मध्य आशियातून आलेला एक मुलगा, ज्याच्या नावापासून नकाशावर एकही रेघ निघत नव्हती, वहीत भागाकार करत होता. बऱ्याच वेळाने वर न बघता म्हणाला, “एकोणसाठ.” ५९ गुणिले ५०९. समोरची मुलगी म्हणाली, मग युक्लिड चुकला? त्यानेच तिला समजावलं की संख्या मूळ असलीच पाहिजे असं युक्लिड म्हणतच नाही, तिला भागणारी मूळ संख्या आपल्या यादीबाहेरची असते, एवढंच. मला बोलावं लागलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं कमी बोलून इतका चांगला तास झालेला नाही.

पण या कामातली खरी अडचण शांत मुलांची नसते, पहिली येणाऱ्यांची असते. इथलं प्रत्येक मूल घरी पहिलं होतं, आणि पहिल्या चाचणीनंतर त्यातलं एकच पहिलं उरलं. हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर या संशोधकांनी १९८४ मध्ये याचा अभ्यास केला होता: तेवढ्याच कुवतीचं मूल हुशारांच्या घोळक्यात गेलं की स्वतःला कमी लेखायला लागतं. पुढे २६ देशांतल्या मुलांमध्येही हेच दिसलं. छोट्या तळ्यातला मोठा मासा, एवढंच ते. वाचलं होतं सगळं. एक मुलगी चाचणीचा पेपर चारदा घडी घालून बुटात सरकवताना दिसली, तेव्हा यातलं काही आठवलं नाही. मी तिला म्हटलं, “अगं, तू खूप हुशार आहेस.”

याहून वाईट वाक्य मला सापडलं नसतं. हुशारीची स्तुती झालेली मुलं अपयशानंतर लवकर हात टेकतात, हे म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं. तिने शांतपणे विचारलं, “मग हे कसं झालं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन दोघी कॉरिडॉरमधल्या टेबलाशी बसलो, तिसऱ्या ओळीत ती कुठे वळली ते शोधलं आणि फक्त त्या ओळीबद्दल बोललो. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडची गोष्टही निघाली. १९५९ मध्ये रोमानियात सुरू झालेली ही स्पर्धा, दोन दिवस, रोज साडेचार तास, तीन-तीन प्रश्न. तिथे पोचणारं जवळपास प्रत्येक मूल आपल्या देशातल्या निवडीतून वर आलेलं असतं, आणि नियमानुसारच पदकं जास्तीत जास्त निम्म्यांना मिळतात. म्हणजे दर वर्षी अशा मुलांचा निम्मा घोळका रिकाम्या हाताने परततो. याने तिला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, “पण त्यांना आधी माहीत असतं.” बरोबर होतं तिचं.

पालकांच्या ईमेलबद्दल थोडक्यात. बहुतेकांना एकच विचारायचं असतं: याने प्रवेश मिळायला मदत होईल का? अशा वेळी साखर पेरू नये. विद्यापीठाच्या आवारात समर प्रोग्रॅम झाला म्हणजे त्या विद्यापीठाचं दार किलकिलं झालं, असं नसतं. पुष्कळदा आवार भाड्याचं असतं आणि प्रवेश समितीचा त्याच्याशी संबंध नसतो. तीन आठवड्यांत मुलाने काय केलं ते मी लिहून देऊ शकते. दोन वडील नाराज झाले.

दार दुसऱ्या आठवड्यात वाजलं. दोन नाही, पाऊण वाजला होता. मुलगा म्हणाला, एक सांगायचंय, पण तुम्ही कुणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, “तसं वचन मी देऊ शकत नाही. तू सुरक्षित राहावास म्हणून सांगावं लागलं, तर ज्यांना माहीत असायला हवं त्यांनाच सांगेन, आणि तसं करण्याआधी तुला सांगेन.” तो वळून निघाला. पाच-सहा पावलं गेला. मी त्याच्यामागे गेले नाही, आणि ती पावलं माझ्या या सगळ्या कामातली सर्वांत लांब वाटली. मग तो थांबला. रात्रपाळीच्या दुसऱ्या सहकाऱ्याला बोलावून आम्ही दार उघडं असलेल्या कॉमन रूममध्ये बसलो. अभ्यास मागे पडू नये म्हणून तो दुसऱ्या कुणाच्या नावच्या गोळ्या घेऊन जागत होता. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. तो चार तासांवर आला होता. मी ‘मग काय झालं?’ एवढंच विचारत राहिले. सव्वादोनला त्याचे शब्द लिहून कागद प्रमुखांकडे दिला. डॉक्टर आले, घरी फोन गेला.

पुढचे चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी वर्गात त्याने मला एका पायरीचं कारण विचारलं, बाकी काही नाही. मी कारण सांगितलं.

शेवटच्या दिवशी मिठ्या, रडणं, सह्या केलेले टी-शर्ट हे सगळं झालं. आमच्या हातात मात्र यादी होती. एकट्याने प्रवास करणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव, विमान, पलीकडे घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि पोचल्याचा निरोप आला की खूण. एका विमानाला उशीर झाला, म्हणून मी आणि माझी सहकारी ऑफिसच्या फोनशी बसून राहिलो. तिने कंटाळून कागदावर लंबवर्तुळ काढलं, आमच्या दोघींची नावं लिहिली आणि एक रेघ मारली. रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी निरोप आला: पोचला, वडील घ्यायला आले होते. शेवटच्या नावापुढे खूण केली, वेळ घातली आणि सही केली.