तुम्ही विचारलंत म्हणून: मग देवाला कुणी केलं?

सांगलीत तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं. त्या तीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा कुठला प्रश्न विचारला असेल, तर ओहमचा नियम नाही, हा: "मॅडम, तुम्ही सायन्स शिकवता आणि रविवारी चर्चला जाता, मग ते सहा दिवसांत जग केलं त्याचं काय, आणि देवानं सगळं केलं तर देवाला कुणी केलं?" पोरं विचारायची, स्टाफरूममधे चहा पिताना विचारायचे, आणि गेल्या महिन्यात मिरजेहून येताना रिक्षावाल्यानंसुद्धा आरशातून बघत विचारलं, काय ओ मॅडम, तुमच्यात एकच देव ना, मग त्याचा बा कोण? विश्रामबाग येईपर्यंत काही उत्तर देऊन होईना, म्हणून आता बसून लिहितेय.

सहा दिवसांचं आधी उरकते, कारण त्यात मला फारसा रस नाही. बायबलचं पहिलं पुस्तक म्हणजे उत्पत्ती, त्याच्या पहिल्या अध्यायात उजेड पहिल्या दिवशी आहे, झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. लिहिणाऱ्याला सूर्याशिवाय दिवस होत नाही हे कळत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? शेजारीपाजारी सगळे सूर्य-चंद्राला देव मानणारे, आणि हा पठ्ठ्या त्यांची नावंसुद्धा घेत नाही, मोठा दिवा आणि लहान दिवा म्हणतो, बस्स. ती प्रॅक्टिकलची जर्नल नाहीये. आणि ज्या बिग बँगवरून मला चिडवतात ना, ती कल्पना १९३१ मधे मांडणारा झॉर्झ लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक पाद्री होता, आणि १९५१ साली पोपनी भाषणात ते बायबलशी जुळवायला घेतलं तेव्हा नाराज झालेला माणूसही तोच. माझं बाकीचं काम त्यानंच करून ठेवलंय.

आता देवाला कुणी केलं. वर्गात मी हजेरीपट उघडायचे आणि विचारायचे, पटावर साठ नावं आहेत, माझं नाव कितव्या नंबरला? पोरं हसायची, मॅडम तुमचं कसं असेल. बरोबर. मी वर्गात आहे, पण एकसष्टावी नाही. थॉमस अक्वायनस म्हणून तेराव्या शतकातले एक मोठे ख्रिस्ती पंडित होऊन गेले, त्यांचं म्हणणं साधारण या अंगानं जातं, की देव ही जगातल्या वस्तूंच्या यादीतली सगळ्यात मोठी वस्तू नव्हे, यादीतलं प्रत्येक नाव ज्याच्यामुळे आहे तो. माझी उपमा लंगडी आहे, मला माहितीये, कारण मलासुद्धा आई होती आणि मुख्याध्यापकांच्या मस्टरवर माझं नाव होतंच, एका आगाऊ पोरानं ते लगेच दाखवून दिलं होतं. त्याला त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. हुशार होता.

पण हा प्रश्न येतो कुठून ते बघा. आपण देवाला कॉन्ट्रॅक्टर समजतो. बिल्डिंग बांधली, किल्ल्या दिल्या, गेला, आता फोन उचलत नाही. मग साहजिकच विचारणार, त्याच्या आधी इथं कोण होतं, सिमेंट कुठून आणलं. हिब्रू बायबलच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या (आमचा जुना करार तोच), पहिल्याच वाक्यात 'बारा' असा शब्द आहे (आपले बारा वाजतात तो नव्हे), निर्माण केलं या अर्थानं तो आला की त्याचा कर्ता नेहमी देवच, माणूस कधीच नाही, आणि कशापासून केलं ते त्याच्याबरोबर सांगत नाहीत. दुसऱ्या अध्यायात मात्र देव मातीतून माणूस घडवतो, तिथलं क्रियापद कुंभाराचं, आदामा म्हणजे माती आणि तिच्यापासून आदाम. म्हणजे कुंभार आहेच, पण नंतर आहे. शून्यातून केलं हे इतक्या ठामपणे म्हणायला लागले ते दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लोक, कारण ग्रीक म्हणत होते की माल आधीपासूनच होता, देवानं फक्त आकार दिला. आणि बाराव्या शतकात इब्न एझ्रा नावाचे ज्यू भाष्यकार सरळ लिहून गेलेत की 'बारा'चा अर्थ शून्यातून असाच काढायची गरज नाही. एकाच ओळीवरून हजारेक वर्षं असं चालू आहे, मला हे फार आवडतं.

ज्यू लोक सकाळच्या प्रार्थनेत म्हणतात की तो रोजच्या रोज सृष्टीचं काम नव्यानं करतो. रोज! कॉन्ट्रॅक्टर तिथंच गेला. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली आहे तुम्हाला माहितीच असेल, कारागीर गेला तरी त्याचा तंबोरा शंभर वर्षं वाजतो, पण गाणाऱ्यानं श्वास घ्यायचा थांबवला की गाणं तिथंच संपतं. जग तंबोऱ्यासारखं नाही, गाण्यासारखं आहे, निदान ही माणसं तसं समजतात. म्हणूनच जग करायच्या आधी देव काय करत होता हा प्रश्नही ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती पंडितांना जमेना. कुणीतरी थट्टेत उत्तर दिलेलं, की असल्या खोलात शिरणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता. ते म्हणाले मी असलं उत्तर देणार नाही, पण काळ हाच मुळात जगाबरोबर झाला, मग त्याच्या 'आधी' कुठून आणायचं.

आमच्या संस्कृतच्या बाई एकदा म्हणाल्या, आमच्याकडे मुंडकोपनिषदात कोळी स्वतःतूनच जाळं काढतो, तुमचा देव बाजूला उभा राहून करतो, परक्यासारखा. मला ते लागलं, कारण अर्धं खरं आहे. वेगळेपण आहेच, जग म्हणजे देव नव्हे हे ज्यू आणि ख्रिस्ती दोन्ही धर्म सोडत नाहीत. पण सोळाव्या शतकात आजच्या इस्रायलमधल्या गालीलातल्या त्सफात गावी इसहाक लुरिया नावाचे ज्यू गुरू होते, त्यांनी उलटंच विचारलं, सगळीकडे देवच असेल तर जगाला जागा कुठं? तर म्हणे देवानं स्वतःला आवरून घेतलं, आक्रसून घेतलं, आणि ती जी पोकळी झाली त्यात जग. त्याला त्झिमत्झुम म्हणतात. बाई म्हणाल्या हे भोपळ्यासारखं झालं, आतला गर काढल्याशिवाय तंबोरा वाजत नाही. मी म्हटलं बाई, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. (ख्रिस्ती लोक हे असंच्या असं मानत नाहीत बरं का. आमच्याकडे योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात आहे, सगळं शब्दाच्या द्वारे झालं, आणि तो शब्द म्हणजे ख्रिस्त. ज्यूंना हे मान्य असायचं काही कारणच नाही.)

पण खरं सांगू का, हा धडा मला पुस्तकातून नाही कळला. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, आणि आम्ही गावभागात. सात-आठ दिवसांनी परत आलो तर फ्रिज उताणा, भिंतीला माझ्या डोक्याच्या वर रेघ, आणि दार कुठलं, कपाट कुठलं, बाथरूम कुठलं, सगळं एकाच रंगाचं. उत्पत्तीत दुसऱ्याच ओळीत 'तोहू वाबोहू' आहे, ओसाड आणि सगळं एकात एक, अंधार आणि खाली अथांग पाणी. ते मी लहानपणापासून पाठ म्हणत आले आणि गाळ काढताना पहिल्यांदा वाचलं. त्यानंतर देव काय करतो, तर वेगळं करतो. उजेड इकडे, अंधार तिकडे. वरचं पाणी, खालचं पाणी. समुद्र तिथं, कोरडी जमीन इथं. आम्ही पण तेच करत होतो की, दहा दिवस, घमेल्यानं.

मग पाण्याला मर्यादा घालून दिली होती तर ती त्या आठवड्यात कुठं गेली होती? बायबलमधला इयोब, काही चूक नसताना सगळं गमावून बसलेला माणूस, त्यानं देवाला असंच काहीतरी विचारलं होतं. देवाचं उत्तर म्हणजे, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास? मला हे उत्तर पटलेलं नाही, अजूनही नाही. आमच्या पाळकांना सांगितलं तर ते म्हणाले इयोबालाही पटलं की नाही यावर वाद आहे. पण त्याच अध्यायात पुढे समुद्राचं आहे, की तो गर्भातून उसळून बाहेर आला तेव्हा देवानं त्याला ढगांचं वस्त्र घातलं, दाट काळोखात गुंडाळलं, आणि म्हणाला, इथंपर्यंत ये, पुढं नाही. मूळ शब्द बाळाला गुंडाळायच्या कपड्याचा आहे. म्हणजे बाळोतं.

२०२१ ला पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा मी आणि शेजारच्या काकू घाटाकडे बघायला गेलो होतो, पायऱ्या कधीच गेल्या होत्या. काकूंनी कृष्णामाईची ओटी भरली, नारळ सोडला, आणि मला म्हणाल्या, तुमच्यात पाण्याला काय करतात ओ? काही करत नाही म्हटलं, आणि मग का कोण जाणे, ते बाळोत्याचं सांगितलं. काकू जरा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तुमच्यात लेकरूच की ते," म्हणाल्या. "मग रडू दे थोडं. चला, मोटर वर घेऊया."