खानदेशातलं कॅथलिक चर्च: चांदसैली घाट चढायच्या आधी हे वाचा

खानदेशात कॅथलिक धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या (वरिष्ठ धर्मगुरूच्या) अखत्यारीतल्या भागाचा इतिहास शोधायला निघणार असाल, तर 'चर्च कुठे आहे?' एवढंच कुणालाही विचारू नका. नवापूर-नंदुरबार पट्ट्यातली बरीच जुनी चर्चं प्रोटेस्टंट आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने पश्चिम खानदेशात काम केलं, त्याचा तो वारसा. नंदुरबार स्टेशनबाहेर एकाच रिक्षावाल्याने नेमका प्रश्न केला, "भाऊ, तुमले कोनतं चर्च जोयजे?" बाकी सगळे बिनधास्त बोट दाखवून मोकळे.

त्यातल्याच एकाने सांगितलं, घाटापलीकडे धडगावच्या बाजूला जुनं कॅथलिक मिशन आहे, कागदपत्रंही मिळतील. म्हणून तळोद्याहून जीप केली. चांदसैली घाट! रस्ता अरुंद, वळणं आंधळी, पावसाने कडेची माती सुटलेली, मध्येच दरडीचे दगड. समोरून मालाची गाडी आली की एकाने मागे सरकायचं, आणि ते दरवेळी आपल्याच वाट्याला. कमरेचे टाके ढिले होतात, हे शब्दशः घ्या. वर पोचल्यावर चालक म्हणाला, ठरलं ते एका बाजूचं, परतीची रिकामी गाडी कोण भरणार? तिथे दुसरं वाहन नव्हतं, त्यामुळे दुप्पट मोजले. आणि सापडलं काय, तर वेगळ्याच पंथाचं अलीकडचं प्रार्थनाघर. तिथल्या माणसांनी चहा पाजला, पण बिशपचं नाव विचारल्यावर एकमेकांकडे पाहिलं. माझं मत स्पष्ट आहे: पावसाळ्यात त्या घाटात जाऊ नका. जायचंच असेल तर जाऊन-येऊन भाडं तळोद्यातच, चारचौघांसमोर ठरवा.

मुळात खानदेश ज्या धर्मप्रांतात येतो त्याचं नावच नाशिक आहे आणि बिशपही नाशिकलाच बसतात. 15 मे 1987 रोजी पुणे धर्मप्रांतातून तो वेगळा काढला. पहिले बिशप थॉमस भालेराव, जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे धर्मगुरू), 2007 पर्यंत. मग फेलिक्स मचाडो, पण जेमतेम दोन वर्षं. आधी व्हॅटिकनमध्ये आंतरधर्मीय संवादाचं काम केलेला हा माणूस 2009 मध्ये वसईला गेला. 2010 मध्ये अमरावतीहून लूर्ड्स डॅनियल आले, आणि 2024 मध्ये बार्थोल बरेटो. म्हणजे 1987 च्या आधीचं काही हवं असेल तर नाशिकलाही थांबू नका, थेट पुणं गाठा.

पुण्याच्या बिशपच्या गादीची गोष्ट मात्र खरंच वाचण्यासारखी. धर्मप्रांत 1886 चा, सुरुवातीचे बिशप जर्मन जेझुइट. हेनरिक डोरिंग 1907 मध्ये बिशप झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन मिशनऱ्यांना इथून हलवलं, तेव्हा तेही दूर राहिले. 1921 मध्ये त्यांना चक्क जपानला, हिरोशिमाला नेमलं, आणि 1927 मध्ये पुन्हा पुण्याला आणलं. पुढे 1948 पर्यंत तेच. खानदेशात बसून ही कहाणी कुणी सांगणार नाही, हे लक्षात ठेवून निघा.

खानदेशातच काही पाहायचं तर भुसावळ. 1860 च्या दशकात रेल्वे आली आणि तिच्याबरोबर गोव्याचे आणि अँग्लो-इंडियन कॅथलिक कामगार आले. दिवस आरामात गेला, शेवभाजी झणझणीत होती.

नाशिकला जाताना तारीख बघा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते आणि तेव्हा लॉज मिळणं मुश्कील. बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहायच्या असतील तर संबंधित धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) फादरांना आधी फोन करा. रविवारी सकाळी जाऊ नका, ते मिसामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत असतात. आणि घराण्यातल्या नोंदीच हव्या असतील तर आजोबांचं पूर्ण नाव आणि जन्माचं अंदाजे साल लिहून न्या. त्याशिवाय कुणी जाड रजिस्टर उघडत नाही.