किलो का क्विंटल?

आज नागपुरात मिहानमधल्या ऑफिसात अख्खी दुपार एका नावापायी गेली. कळमन्याच्या संत्रा व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात 'वेट' नावाचं व्हेरिएबल, म्हणजे कोडमध्ये वजनाचा आकडा ज्या नावाखाली ठेवतात ते. टीममध्ये नुकतीच आलेली पोरगी विचारते, "दादा, हे किलोत आहे का क्विंटलात?" उघडून पाहिलं तर एका फंक्शनमध्ये (कोडच्या एका तुकड्यात) किलो, दुसऱ्यात क्विंटल. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. मग तिनेच नावं बदलली: 'वेट_किलो' आणि 'वेट_क्विंटल'. तेवढ्याने चूक उघडी पडली. किलोला क्विंटलच्या भावाने गुणलेलं होतं! कोड चालवायचीही गरज पडली नाही, नुसतं वाचून दिसलं. पोरीचं मनापासून कौतुक वाटलं.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत कोड कसा लिहावा यासाठी पेप ८ ही नियमावली २००१ पासून आहे, त्यात नावांचेही नियम आहेत. फंक्शनची नावं लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. क्लासच्या नावात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. एकाक्षरी नावासाठी स्मॉल एल, कॅपिटल ओ, कॅपिटल आय वापरूच नका असंही त्यात आहे, कारण काही फॉन्टमध्ये ती १ आणि ० पासून वेगळी ओळखू येत नाहीत. किती बारीक विचार केलाय! हे नियम तपासायला टूल्स आहेत. आकडा किलोचा आहे की क्विंटलचा, हे मात्र लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

उद्यापासून आमच्या रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, आधी नावं बघायची, लॉजिक नंतर. 'टेम्प', 'डेटा२' अशी काहीच न सांगणारी नावं किंवा 'इज_नॉट_डिसेबल्ड' असा दुहेरी नकार दिसला की कोड परत. तुमच्याकडे एकक नावात लिहिता का, की कॉमेंटमध्ये? सांगा.