मळी, स्पेंटवॉश आणि आमची विहीर : माझा अनुभव

पाणी बिघडल्याचं आधी म्हशीला कळलं. डिसेंबरातली गोष्ट, गळीत हंगाम सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले होते. हौदातलं पाणी तिनं हुंगलं आणि मान फिरवली. आईला वाटलं शेवाळ असेल. तिनं हौद घासला, पुन्हा भरला, पुन्हा तेच. चार दिवसांनी मी मोटार चालू केली तर पहिली धार कोऱ्या चहासारखी आली. वास सडक्या अंड्याचा, आणि त्यात कारखान्याकडून वारं सुटलं की येतो तो आंबूस-गोडसर वास मिसळलेला.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, मांजरा नदीच्या खोऱ्यात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातही ही विहीर तासभर मोटार चालवू देत होती. आजोबांनी खोदलेली. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे पाणी पाझरू देणारा खडक, आणि तळाला काळा पाषाण. झरे सगळे मांजऱ्यातून. हे तेव्हा मला नुसतं माहीत होतं. पुढे सगळं प्रकरण त्या मांजऱ्यावरच येऊन थांबणार आहे, याची कल्पना नव्हती.

विहिरीच्या वरच्या अंगाला, अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं, म्हणजे अल्कोहोल काढायच्या विभागाचं, सांडपाण्याचं तळं आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. आमचा ऊस त्याच कारखान्याला जातो हे मात्र आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं अवघड झालं ते त्यामुळेच. तक्रार करायची म्हटल्यावर चुलते ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "पाणी तर गेलंच तुझं. आता ऊस बी वाळवालास का आमचा?" त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. तोड महिनाभर लांबली की उसाचं वजन घटतं, आणि ते सगळ्या भावकीचं घटतं.

तरी मी अर्ज दिला, आणि पहिली चूक त्या अर्जातच झाली. मी लिहिलं : "कारखान्याने मळी सोडल्याने विहिरीचे पाणी दूषित झाले आहे." तीन आठवड्यांनी उत्तर आलं की मळी पोलादी टाक्यांत साठवलेली आहे, टाक्यांची पाहणी केली, गळती आढळली नाही. आणि ते खरंच होतं! आपल्याकडं मळी हा एकच शब्द तीन वस्तूंना वापरतात. एक टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे चोथा, निघतं, ते बॉयलरमध्ये जळतं. रस गाळताना तीन-चार टक्के काळा भुसभुशीत गाळ निघतो, तो प्रेसमड. शेतकरी त्याला मळी म्हणतो आणि शेतात टाकतो. साखर काढून झाल्यावर चार-साडेचार टक्के घट्ट काळा पाक उरतो, ती कारखान्याची मळी, म्हणजे मोलॅसिस. ती आंबवून अल्कोहोल काढलं की मागं जे तांबडं-काळं, आंबट, कढत पाणी उरतं ते स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर. गावात त्यालाही "मळीचं पाणी"च म्हणतात. माझ्या अर्जात चुकीचं नाव होतं, म्हणून पाहणी चुकीच्या ठिकाणी झाली. कुणाला असा अर्ज लिहायचा असेल तर "डिस्टिलरीचे स्पेंटवॉश व त्याचे साठवण तळे" असं स्पष्ट लिहा, गट नंबर घाला, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

दुसरी चूक बाटलीची. कोल्ड्रिंकच्या धुतलेल्या बाटलीत पाणी भरून मी एका खाजगी प्रयोगशाळेत दिलं. दोन दिवस ती बाटली मोटारसायकलच्या डिकीत होती. अहवालात पीएच, क्षार आणि कठीणपणा एवढंच आलं, आणि तो कागद कुणीच मानला नाही. लातूरला रसायनशास्त्र शिकवणारे माझे मावसभाऊ आहेत. त्यांनी तो बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, यात मूळ प्रश्नच विचारलेला नाही.

त्यांनी त्या दिवशी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. स्पेंटवॉश हे काही कीटकनाशकासारखं विष नाही. ते आपल्याच उसातनं आलेलं आहे : उरलेली साखर, मेलेलं यीस्ट, भरपूर पालाश (पोटॅश), गंधक, क्षार. म्हणून तर कारखान्याची माणसं "हे खतच आहे" म्हणतात, आणि प्रेसमडवर मापानं शिंपडून त्याचं कंपोस्ट केलं तर खरोखर खत होतं. पण पाण्यात गेलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. हा प्राणवायू किती लागेल याचं माप म्हणजे बीओडी. शहराच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो, कच्च्या स्पेंटवॉशचा चाळीस-पन्नास हजार. स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला सात-आठ मिलिग्रॅमच. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश सहा हजार लिटर पाणी गुदमरवू शकतं. दोन लिटरला आपला बारा हजारांचा एक टँकर.

प्राणवायू संपला की दुसरे जिवाणू पुढं येतात. ते आधी नायट्रेट वापरतात, मग मातीतलं मँगनीज आणि लोह विरघळवतात, शेवटी सल्फेटवर येतात आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू करतात. अंड्याचा वास तो. आमच्या हौदात पाणी रात्रभर राहिलं की तळाला तांबूस साय का धरायची, तेही तेव्हा कळलं : विरघळलेलं लोह हवा लागताच गंजत होतं. चहासारखा रंग मात्र वेगळ्या घराण्यातला. साखर आणि प्रथिनं एकत्र तापली की मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी पदार्थ बनतात, भाकरीला पडणाऱ्या डागासारखे. ते जिवाणूंना सहज पचत नाहीत, म्हणून वास गेला तरी रंग राहतो.

हे ऐकत असताना मला एकदम घरची गोष्ट आठवली आणि मी फोन करायला बाहेर पळालो. विहिरीचा गाळ काढायला दुसऱ्या दिवशी दोन पोरं बोलावली होती. त्यातला एक तेवीस वर्षांचा. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, विहिरीच्या तळाशी साचून राहतो. थोडा असताना वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वाटतं वास गेला. जुनी माणसं कंदील सोडून बघतात, पण कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढंच कळतं. विषारी वायू आहे का ते कंदील सांगत नाही. एक पडला म्हणून दुसरा उतरतो आणि तोही जातो, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. मी त्या पोरांना उतरू दिलं नाही. ती रोजाची मजुरी मी आनंदानं दिली.

यानंतर मी काम पद्धतीनं करायला लागलो. पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र आणलं. तळ्यापासून उताराच्या दिशेनं चार विहिरी आणि तळ्याच्या वरच्या अंगाची एक, अशा पाच विहिरींचं पाणी दर रविवारी सकाळी मोजून वहीत लिहिलं. वरची विहीर लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या आत, तळ्याजवळची तीन हजारांच्या पुढं, आमची एकोणतीसशे, खालच्या दोन उतरत्या क्रमानं. पिण्याच्या पाण्याला क्षारांची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. चुलत्यांनी वही बघितली. त्यांची विहीर यादीत चौथी होती. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या रविवारी पहाटे स्वतः पोहरा घेऊन आले.

सगळ्यात मोलाचा कागद आईच्या ट्रंकेत सापडला. सात वर्षांपूर्वी ठिबक बसवताना वडिलांनी पाणी तपासून घेतलं होतं. त्यात पालाश नगण्य, क्लोराइड कमी. बेसाल्टातल्या चांगल्या विहिरीत पालाश लिटरला काही मिलिग्रॅमच असतो, स्पेंटवॉशमध्ये तो हजारांत असतो. म्हणून पालाश हा त्याचा ठसा. समोरच्यांनी म्हणायला नको की तुम्हीच पोटॅश टाकलं, म्हणून खताच्या पावत्याही जोडल्या.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं दुसरा अर्ज गेला तो नकाशा, वही आणि ह्या कागदासह. १९७४च्या जल कायद्यात कलम २१ आहे : मंडळाचा अधिकारी विहिरीतलं पाणीही घेऊ शकतो. सांडपाण्याचा नमुना घेताना कारखान्याला नोटीस द्यायची, त्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हीवर मोहोर आणि सह्या. कायद्यातल्या "प्रवाह" या शब्दात भूगर्भातलं पाणीही येतं. हे वाचलं त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

अधिकारी फेब्रुवारीत आले. वयानं लहान, पण कामाला पक्के. काचेची बूच असलेली बाटली त्यांनी पाण्याखाली धरून भरली, एक बुडबुडा राहू दिला नाही, प्राणवायू बांधून ठेवणारी दोन रसायनं जागेवरच घातली. बाकीच्या बाटल्या बर्फात. बीओडीची चाचणी तीन दिवस २७ अंशांवर चालते आणि नमुना शिळा झाला की आकडा खोटा येतो, हे त्यांनी न विचारता सांगितलं. माझी डिकीतली बाटली आठवली. तळ्याच्या आमच्या बाजूच्या बांधाला अस्तराचा प्लॅस्टिक कागद दोन ठिकाणी फाटलेला होता. त्यांनी फोटो काढले, पंचनाम्यात लिहिलं.

अहवाल मात्र आपणहून आला नाही. माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागितला. तीस दिवसांची मुदत असते, सव्विसाव्या दिवशी मिळाला. पालाश आणि क्लोराइड भरपूर, सीओडी (जिवाणूंना न पचणारा भागही धरून, रसायनानं मोजलेली प्राणवायूची गरज) भरपूर, पण बीओडी फारसा नाही. कारखान्यानं नेमकं तेच उचललं : बीओडी कमी, म्हणजे स्पेंटवॉश नाही. मावसभावांनी चार ओळींचं टिपण लिहून दिलं. मुरूम-मांजऱ्यातून येताना पचण्याजोगा भाग जिवाणूंनी वाटेतच खाल्ला, न पचणारा रंग आणि क्षार तेवढे पुढं आले. बीओडी आणि सीओडीतलं अंतर वाढणं हीच त्याची खूण. ते टिपण सुनावणीत वाचलं गेलं. त्यानंतर तळं रिकामं करून अस्तर बदलायचे निर्देश निघाले, आणि पाचही घरांना टँकर सुरू झाला.

नुकसानभरपाईचं वेगळं. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे. नुसता वाद मांडायला सहा महिन्यांची मुदत, भरपाईसाठी पाच वर्षांची. आमच्या सहा महिन्यांतले जवळजवळ पाच पहिल्या दोन चुकांत आणि वाट बघण्यात गेले. वकिलांनी तारखा तपासून अर्ज भरपाईचा केला. थेट फौजदारी तक्रार करायची असेल तर मंडळाला आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती आम्ही तयार ठेवली आहे, अजून बजावलेली नाही.

ऊस त्या हंगामात उशिरा गेला. मुद्दाम की टोळीच कमी होती, मला सांगता येणार नाही, म्हणून आरोप करत नाही.

दोन पावसाळे झाले. उपसा चालू ठेवा, पण पाणी ओढ्यात सोडू नका, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं, म्हणून ते पातळ करून उसाला देतो. मिरचीला एकदा दिलं होतं, वाफे करपले. वास गेला आहे. पेनावर आकडा सतराशेवर आलाय, रंग अजून पिवळसर. वही आता चुलत्यांकडं असते. येत्या रविवारी पाच विहिरींवर सहावी धरायची आहे, ओढ्यापलीकडची. तिथल्या बाईंनी परवा निरोप पाठवला की त्यांच्या हौदात तांबूस साय धरालीय.