चौदा मीटर

मे अखेर आंबोली घाटात गटारं मोकळी करायची आणि डोंगराकडच्या कटिंगची, म्हणजे रस्त्यासाठी कापलेल्या उताराची, सुटलेली माती काढायची, हे माझं दरवर्षीचं काम. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे मेमध्ये मान वर करायला फुरसत नसते. बाहेरच्यांना ठाऊक नसतं ते एवढंच, की खोदाईचं बिल घनमीटरवर निघतं. गटाराबरोबर कटिंगही हातभर तासली की ठेकेदार खूश. मुळांनी धरलेली माती जाते, जुलैत तिथेच दरड येते, आणि ती उचलायचं बिल वेगळं.

त्या दिवशी जेसीबीच्या दातांनी माती सोलली आणि मजूर ओरडला, "सायबानू, हय मोठो कोळी आसा!"

बीळ उभं चिरलं गेलं होतं. आतून पांढऱ्या रेशमाचं अस्तर, पार तळापर्यंत. तळाशी भुंगेऱ्यांच्या पंखांची टरफलं, चुरगळलेली जुनी कात, आणि तिथेच पुढचे पाय उचलून तळहाताएवढी टॅरंटुला. एकाने फावडं उगारलं. मी थांबवलं. भूतदया वगैरे नाही; ऑपरेटर केबिनमधून उतरून पळाला होता, काम तसंही बंदच होतं.

प्राणिशास्त्र शिकणाऱ्या भाच्याला फोटो पाठवला. "मामा, थ्रिग्मोपियस वाटतेय, टॅरंटुलातलाच एक प्रकार. सह्याद्रीतलीच. मादी वर्षानुवर्षं एकाच बिळात राहते, वयात आलेला नर तेवढा हिंडतो. पिल्लं जवळपासच बिळं करतात. चावली तर दुखेल, जिवावर नाही बेतणार. आजूबाजूची बिळं मोजा."

चौदा मीटरमध्ये तेवीस निघाली. तोंडाशी रेशमाची कड. अकरा वर्षं मी त्यांना खेकड्याची बिळं समजत होतो! रात्री बॅटरी घेऊन पुन्हा गेलो. जवळजवळ प्रत्येक तोंडाशी पाय बाहेर काढून एकेक बसलेली. एक पाऊल टाकलं, तर सगळ्या आत.

ते चौदा मीटर सोडले. मोजमाप पुस्तिकेत लिहिलं, 'मुळांनी माती धरलेली, कापणी नको.' खोटं काहीच नव्हतं. तरी साहेबांचा फोन आलाच: परिमाण कमी का?

चिरलेल्या बिळावर जांभ्याचा चिरा तिरका टेकवून ठेवला होता. सकाळी आत कोणी नव्हतं, रेशीम तेवढं हलत होतं. आधीच्या वर्षांत किती मीटर तासले, ते जुन्या पुस्तिकांत माझ्याच सहीने आहे. कपाट अजून उघडलेलं नाही.